पाऊस फुकट, साठवण महाग

छतावरचं पाणी अडवायचं मनात आलं की बहुतेक घरांत पहिली चौकशी होते ती फिल्टरची. विक्रेताही तोच पुढे करतो, कारण ती एकच वस्तू दुकानात मांडून दाखवता येते. खर्चाच्या मानाने मात्र फिल्टर हा लहान भाग. पैसा खरा लागतो तो आलेलं पाणी ठेवायला. म्हणून कुणालाही बोलावण्याआधी घरात बसून ठरवा, की हे पाणी पावसाळ्यातच वापरून संपवायचं आहे, उन्हाळ्यासाठी राखायचं आहे, की बोअरला आणि विहिरीला द्यायचं आहे. पहिलं आणि तिसरं काम तीस ते पन्नास हजारांत बसतं. दुसऱ्याला लाखांची तयारी लागते. ही तीन वेगळी कामं एकाच अंदाजपत्रकात कालवली जातात आणि मग ना धड पाणी मिळतं, ना पैशांचा हिशेब लागतो.

आधी छताचा हिशेब. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. हे सूत्र पाठ असू द्या, कारण कोणताही आकडा त्यावर तपासता येतो. पुण्यातल्या एखाद्या बंगलीची गच्ची १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर धरू. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. गळती, उडून जाणारं पाणी आणि पहिल्या सरींचं सोडून दिलेलं पाणी मिळून वीस टक्के वजा केले तर हाती ५२,००० लिटर उरतात. तीच गच्ची रत्नागिरीत असेल आणि पाऊस ३,००० मिलिमीटरच धरला तरी सव्वादोन लाख लिटर होतात. सोलापूरकडे ५५० धरले तर चाळीस हजार. छपर उतरतं असेल तर पत्र्याची लांबी मोजायची नाही; वरून सरळ खाली पाहिल्यावर जेवढी जमीन झाकलेली दिसेल तेवढंच क्षेत्र धरायचं. ठेकेदार कधी कधी अख्ख्या प्लॉटचं क्षेत्र धरून लाख-दीड लाख लिटरचा आकडा दाखवतो, तो इथेच पकडता येतो. शिवाय हिशेब सरासरी पावसावर बांधू नका. कमी पावसाचं वर्ष आलं तर काय, म्हणून सरासरीच्या साठ टक्के धरून पुन्हा आकडेमोड करा. मराठवाड्यात तर हे करायलाच हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथे सरासरीच्या भरवशावर टाकी बांधणं म्हणजे स्वतःला फसवणं.

५२,००० लिटर म्हणजे किती? चौघांच्या घराला माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला ५४० लिटर लागतात. म्हणजे तीन महिन्यांचं पाणी छतावरून वाहून जातं. पण ते सारखं वाटून येत नाही. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली की त्या गच्चीवरून १,८६० लिटर उतरतात. २,००० लिटरची टाकी एका संध्याकाळी भरते आणि दुसऱ्या दिवशीचा पाऊस तिच्या तोंडातून बाहेर पडतो. टाकी किती लिटरची, यापेक्षा ती वर्षात किती वेळा भरून रिकामी होते, यावर तुमचे पैसे वसूल होणार की नाही ते ठरतं.

पावसाळ्यात वापरायचं असेल तर

सध्याचे बाजारभाव गावागणिक पंधरा-वीस टक्के मागेपुढे होतात, पण अंदाज बांधायला हे पुरतील. वरच्याच गच्चीचं उदाहरण घेऊ. गच्चीचे पाइप भिंतीवरून आधीच उतरलेले असतात. ते खाली एकत्र जोडायचे. चार इंची पीव्हीसी पाइपचा दहा फुटी नग ७०० ते १,००० रुपयांना पडतो. एल्बो, टी आणि क्लॅम्प धरून हे काम ७,००० ते ९,००० रुपयांत होतं. १,००० फुटांच्या गच्चीला चार इंची निदान दोन पाइप हवेत. जोराच्या सरीत एका पाइपाला पाणी झेपत नाही आणि गच्ची तुंबते. जुनं २०० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप ८०० ते १,२०० ला मिळतं, त्याचं काम पुढे सांगतो. फिल्टर ४,००० ते १०,०००. दोन हजार लिटरची काळी टाकी १४,००० ते १८,०००, म्हणजे लिटरला सात ते नऊ रुपये. तिच्याखाली विटांचा ओटा ३,००० ते ५,०००. प्लंबर आणि मदतनीस दोन दिवस धरले तर मजुरी ३,५०० ते ४,५००. सगळं मिळून ३३ ते ४८ हजार होतात. पाणी वर चढवायचं असेल तर अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पंपाचे चार-पाच हजार वेगळे.

आता घरात जमिनीखालची टाकी आधीपासून असेल, तर टाकी आणि ओटा दोन्ही वजा होतात आणि तेच काम १६ ते २५ हजारांत उरकतं. मला विचाराल तर शहरातल्या घराने पहिला विचार याचाच करावा. एक काळजी मात्र अटळ आहे. नळाचं पिण्याचं पाणी ज्या टाकीत येतं, त्यात छताचं पाणी सोडायचं नाही. टाकीला दोन कप्पे असतील तर एक पावसाच्या पाण्याला द्या. नसतील तर गवंड्याकडून मधे भिंत घालून घ्या.

पैसे वसूल होतात का, ते पाहू. संडास, फरशी, कपडे आणि झाडं यांना मिळून दिवसाला २५० लिटर लागतात असं धरा. दोन हजारांची टाकी आठ दिवसांत संपते. चार महिन्यांत ती फार तर पंधरा वेळा रिकामी होईल. पावसाने दिलेल्या ओढी वजा केल्या तर बारा वेळा. म्हणजे वर्षाला २४,००० लिटर. ४०,००० रुपयांचा खर्च दहा वर्षांवर वाटला आणि सफाई-दुरुस्तीचे वर्षाला १,५०० धरले, तर लिटरमागे २३ पैसे पडतात. जमिनीतली टाकी वापरून २०,००० तच काम केलं असेल तर १५ पैसे. दहा हजार लिटरचा टँकर २,००० रुपयांना येत असेल तर तो २० पैसे लिटर पडतो. म्हणजे नवी टाकी घेऊन केलेली व्यवस्था टँकरच्या जवळपास, आणि जुन्या टाकीवर केलेली त्याच्याहून स्वस्त. महापालिकेचं पाणी रोज मिळत असेल, तर त्याच्या दरापुढे ही व्यवस्था निव्वळ पैशांत कधीच जिंकणार नाही. तुम्हाला उलटं सांगणारा माणूस माल विकायला आलेला आहे.

हिशेब सुधारायचा तर टाकी मोठी करून उपयोग नाही, वापर वाढवायला हवा. वॉशिंग मशीन आणि फ्लशची टाकी या पाण्यावर घ्या. पावसाचं पाणी मऊ असतं. त्यात साबणाला चटकन फेस येतो. ज्या घरात बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर चढतात आणि गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी जाते, तिथे चार महिने हे पाणी वापरल्याचा फायदा पाण्याच्या बिलात दिसणार नाही, पण दुरुस्तीच्या खर्चात दिसेल.

उन्हाळ्यासाठी राखायचं असेल तर

हा प्रश्न मुख्यतः कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यांचा. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, आणि एप्रिल-मे उजाडला की विहिरीचा तळ. जांभा दगड सच्छिद्र. पाणी झटपट मुरतं आणि तितक्याच झटपट खाली ओढ्याला निघून जातं. त्यामुळे डोंगरउतारावरच्या घराने पाणी जमिनीत सोडून उन्हाळ्याची आशा धरू नये. इथे साठवणच हवी.

किती साठवायचं ते माणसांवरून ठरवा. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकापुरतं माणशी आठ लिटर, नव्वद दिवस, म्हणजे ३,६०० लिटर. पाच हजार लिटरची एक टाकी, चाळीस हजारांच्या आसपास, एवढ्यात भागतं. तेच माणशी ४० लिटर धरले तर १८,००० लिटर लागतात. सिमेंट-काँक्रीटची जमिनीतली टाकी लिटरला १२ ते १८ रुपये पडते, म्हणजे सव्वादोन ते सव्वातीन लाख. तारजाळीवर सिमेंटचा पातळ थर चढवून केलेली फेरोसिमेंटची टाकी बरीच स्वस्त पडते, पण ते काम हात बसलेल्या गवंड्याचं. नवख्याने केलेली टाकी पहिल्याच उन्हाळ्यात तडकते.

१८,००० लिटरची टाकी उन्हाळ्याच्या साठवणीसाठी वर्षातून एकदाच भरणार आणि एकदाच उपसणार. तीस वर्षं टिकली तरी लिटरला पन्नास पैसे पडतात. शहरातल्या टँकरच्या अडीचपट. पण ज्या वाडीवर टँकर चढतच नाही आणि बाया झऱ्यावरून हंडे वाहतात, तिथे टँकरच्या दराशी तुलनाच गैरलागू आहे. तिथे हा पैसा लावावा, आणि एकदम जमत नसेल तर पिण्यापुरत्या पाच हजार लिटरच्या टाकीपासून सुरुवात करावी. जून-जुलैत हेच पाणी वापरायला हरकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात टाकी पुन्हा भरते. राखायची ती शेवटची भरती.

दीर्घ साठवणीचे नियम आपल्याकडे जुने आहेत. मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांत खडकात कोरलेली पावसाच्या पाण्याची टाकी आहेत आणि गडकिल्ल्यांवरही तशीच दिसतात. सावली, थंडावा आणि गाळ तळाशी बसायला पुरेसा वेळ, एवढ्यावर तिथलं पाणी टिकायचं. प्लॅस्टिकच्या टाकीलाही तेच लागू. पांढरी किंवा फिकी टाकी उन्हात ठेवली तर उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. काळी घ्या, सावलीत ठेवा, उपसताना नळ तळापासून सहा इंच वर बसवा.

पत्र्याच्या आणि कौलारू घरांना पन्हळीचा खर्च वाढतो. तयार पन्हळ फुटाला अडीचशे रुपयांपासून पुढे. त्याऐवजी सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला की दोन पन्हळी निघतात. दहा फुटी नग १,५०० ते २,२०० ला धरला तर फुटाला ७५ ते ११० रुपये पडतात. दर दोन-अडीच फुटांवर लोखंडी पट्टीचा आधार द्या, नाहीतर भरल्या पन्हळीच्या वजनाने ती मधे झुकते आणि सगळ्या पागोळ्या पुन्हा अंगणातच पडतात. दहा फुटांना एक इंचाहून थोडा जास्त उतार पुरे. उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं, म्हणून बाहेरच्या पाइपांना रंगाचा एक हात मारून घ्या. छपर अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचं असेल, किंवा गच्चीला नुकतंच डांबर वा रंग लावला असेल, तर ते पाणी पिण्याला वापरू नका.

बोअरला आणि विहिरीला द्यायचं असेल तर

इथे फसवणूक सगळ्यात जास्त होते, कारण काम जमिनीखाली गाडलं जातं. सहा फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल खड्डा, चहूबाजूंनी विटांचं बांधकाम, तळाशी मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, आणि तोंडावर स्लॅबचं झाकण: याला खोदाई ६,००० ते १०,०००, दोन ब्रास दगड-खडी-वाळू ८,००० ते १०,०००, बांधकाम ८,००० ते १२,०००, झाकण ५,००० ते ८,००० आणि पाइप ५,००० ते ७,००० लागतात. एकूण ३२ ते ४७ हजार. वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवायला सांगा. जोराचा पाऊस थोपवायला तीच जागा उपयोगी पडते. तोंडापर्यंत खडी भरलेल्या खड्ड्यात पाणी मावतच नाही.

पण हा खर्च करण्याआधी थोड्या मजुरीची एक चाचणी करा. जिथे खड्डा घ्यायचा तिथे मुरूम लागेपर्यंत खणा, तळाशी दोन फुटांचा लहान खळगा करा, पाण्याने भरा आणि ठेवा. एका दिवसात पाणी मुरलं तर जागा चांगली. दोन दिवसांनीही तसंच उभं असेल तर तिथे पैसे घालू नका. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, ती फुगते. खड्डा तिच्या खाली मुरमात उतरलाच पाहिजे. तीन-चार फुटांवर काळा पाषाण लागला तर असा खड्डा डासांचा हौद होतो. मग पन्नास-शंभर फुटांचं वेगळं पुनर्भरण बोअर लागतं, आणि त्याचा खर्च फुटाच्या दराने वेगळा मोजावा लागतो. इमारतीच्या पायापासून दहा फूट तरी लांब राहा. सेप्टिक टँकपासून त्याच्या तिप्पट अंतर ठेवा.

गच्चीचा पाइप सरळ बोअरच्या तोंडात सोडणारे प्लंबर आहेत. काम दोन-तीन हजारांत होतं, म्हणून लोक मान्यही करतात. हे करू नका. कबुतरांची विष्ठा आणि धूळ थेट भूजलात जाते, आणि ते पाणी तुमच्याबरोबर शेजारचेही पितात. बोअरभोवती खड्डा घेऊन, गाळलेलं पाणीच आत जाईल अशी रचना करायला १५ ते ४० हजार लागतात. तेवढे नसतील तर पाणी बागेत सोडलेलं बरं.

आणखी एक स्पष्ट बोलायला हवं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून वाहतं. तुम्ही मुरवलेलं पाणी तुमच्याच बोअरला येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून हे काम एकट्या घरापेक्षा सोसायटीने किंवा अख्ख्या गल्लीने मिळून करणं जास्त शहाणपणाचं. पुण्यात ५,००० चौरस फूट गच्चीवरून वर्षाला २ लाख ६० हजार लिटर पाणी उतरतं. चाळीस सदनिकांनी दोन लाखांचा खर्च वाटून घेतला तर घरटी पाच हजार येतात. सर्वसाधारण सभेत ठराव मांडताना ‘२६ टँकर वाचतील’ असं मात्र लिहू नका. मुरलेलं सगळं पाणी परत हाती येत नाही. बोअरची पाणीपातळी दरवर्षी मे महिन्यात मोजून नोंदवा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाच खरा पुरावा.

पाणी स्वच्छ राहायला

आता त्या पिंपाबद्दल. उन्हाळाभर छतावर साचलेली धूळ, पानं आणि विष्ठा पहिल्या पावसात खाली येते. पहिला दोन मिलिमीटर पाऊस वाया घालवायचा. आपल्या गच्चीसाठी तो १८६ लिटर भरतो, म्हणजे एक पिंप. पाइपाला टी लावून आधी पिंप भरू द्यायचं, ते भरलं की पाणी आपोआप टाकीकडे वळतं. पिंपाच्या तळाशी तोटी ठेवा आणि पाऊस थांबल्यावर ते रिकामं करा. हजार-बाराशे रुपयांच्या या वस्तूने दहा हजारांच्या फिल्टरचं निम्मं काम होतं. अंदाजपत्रकात ती नसेल तर त्या माणसाला हे काम कळत नाही असं समजा.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. टाकीच्या झाकणाला फट नको, आणि जादा पाणी बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या तोंडावर मच्छरदाणीची जाळी बांधा. पिण्यासाठी वापरणार असाल तर उकळून घ्या. मोठ्या टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं. मे अखेर गच्ची झाडून धुवा आणि फिल्टरची वाळू धुवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला जाळी उघडून पाहा. वर्षाचे ते १,५०० रुपये या कामांचे आहेत. ते वाचवलेल्या घरांत तिसऱ्या वर्षी सगळी व्यवस्था बंद पडलेली असते.

सवलत, नियम आणि अंदाजपत्रक

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला खड्डा कुठे आहे ते प्रत्यक्ष दाखवायला सांगावं आणि झाकण उघडून पाहावं. ताब्यानंतर ते शोधून दुरुस्त करायचा खर्च सोसायटीवर येतो. पुणे महापालिका पर्जन्यजल, सौरऊर्जा आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. तुमच्या बिलात सर्वसाधारण कर ६,००० असेल तर पाच टक्क्यांचे ३०० होतात. सवलत जरूर घ्या, पण तिच्या आशेवर खर्चाचं गणित मांडू नका.

अंदाजपत्रक ‘एकूण साठ हजार’ अशा एका ओळीत स्वीकारू नका. पाइपाचा व्यास आणि नग, टाकीची क्षमता, पहिल्या पावसाचं पाणी सोडण्याची सोय, फिल्टर कशाचा आणि त्यातला माल किती वर्षांनी बदलायचा, खड्ड्याची मापं आणि मजुरी, हे वेगवेगळं लिहून मागा. छतावरच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १५७९७ : २००८ आहे, काम त्याला धरून होईल का, असं विचारा आणि उत्तर ऐका. निदान दोन ठिकाणचे दर घ्या. काम मार्च-एप्रिलमध्ये लावा, कारण मेअखेर प्लंबर मिळत नाही आणि मजुरी वाढते. खड्डा भरण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवा. दहा टक्के रक्कम हाताशी राखा. पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन प्रत्येक सांधा पाहा, पिंप भरल्यावर पाणी टाकीकडे वळतं का ते पाहा, खड्डा दुसऱ्या दिवशी उघडून पाणी मुरलं का ते पाहा, आणि मग उरलेले पैसे द्या.